पासपोर्ट मार्चनंतर मिळणेबाबत

गोपनीय

प्रति,
मा. पासपोर्ट अधिकारी साहेब,
पासपोर्ट कार्यालय.

अर्जदार : मुंजाजी सटवाजी खंदारे, वय ७४ (शाळेच्या दाखल्यावर ७१), रा. साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

विषय : माझा पासपोर्ट उशिरा, शक्यतो मार्चनंतर, देणेबाबत.

संदर्भ : जुन्या पासपोर्टचा क्रमांक कळविण्याविषयी आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, पुढील मजकुरावर आपला काय, आपल्या दारावरच्या शिपायाचाही विश्वास बसणार नाही. आजवर मी जे जे खोटे बोललो त्यावर सगळ्या गावाने विश्वास ठेवला. आज प्रथमच खरे लिहीत आहे, म्हणून धाकधूक वाटते. अर्ज गोपनीय असल्याने खोलीचे दार लावून लिहीत आहे. मात्र मोठ्याने उच्चारल्याशिवाय माझ्या हातून अक्षर उमटत नाही, ही शाळेपासूनची खोड आहे.

१. आपल्या पत्रात जुन्या पासपोर्टचा क्रमांक मागितला आहे. असा पासपोर्ट कधी नव्हताच. सेनगावच्या संगणक केंद्रावर आमच्याच गावचा प्रेमानंद फॉर्म भरतो. 'यापूर्वी पासपोर्ट होता काय' हा रकाना येताच त्याने मला न विचारता 'होय, गहाळ' असे ठोकले. वर म्हणाला, "आबा, तुमाला काय इचारायचं? तुमी लंका फिरून आलेले माणूस. बैलानं खाल्ला न्हवता का तुमचा पासपोर्ट?" मागे चार माणसे रांगेत उभी होती. सबब मी मान हलविली. सदर बैल १९८६ साली मयत झाला असून त्याचा जबाब आता मिळणे नाही.

२. खरी हकीकत अशी. १९७९ साली एक भन्तेजी गावातील चार तरुणांना धम्मसेवेसाठी श्रीलंकेस नेणार होते. त्यांत मी होतो. विहारासमोर हार घातले, लेझीम झाले, माझ्या भाषणात दोनदा टाळ्या पडल्या. हिंगोली स्टेशनावर गाडी आली. तिघे चढले, माझे पाय चढले नाहीत. समुद्र म्हणजे आमच्या तलावापेक्षा किती मोठा, एवढ्या एका विचाराने मी फलाटावरच्या नळाला धरून बसलो. ते तिघे पुढे तिकडचेच झाले, ही माझ्यावर त्यांची मेहेरबानी. हार घातलेल्या गळ्याने गावात परत कसे जावे? शिरड शहापूरला पत्नीचे मामा होते. त्यांना तोंड बंद ठेवण्याची शपथ घालून तीन महिने त्यांच्या मळ्यात हळद शिजविली. मामा विधुर, घरात बाईमाणूस नाही, तरी रोज दुपारी तिळाची चटणी घातलेली भाकरी हजर. ती कोठून येते हे मी लाजेने विचारले नाही. पत्नी त्या काळात माहेरी, औंढ्याला होती. नंतर गावी परतलो. हात पिवळे होते. विचारले तेव्हा सांगितले, लंकेची मातीच तशी.

३. तेथून पुढे शेहेचाळीस वर्षे लंका मी एकट्याने चालविली. लंकेत चालताना माझा डावा खांदा भिजायचा अन् उजवा कोरडा राहायचा, तेथे मी साखऱ्याच्या आंब्याची कोय लावली असून आता त्याला हत्ती बांधतात, इत्यादी. साहेब, घात केला तो यातल्या पहिल्या थापेने. गेल्या वर्षी शाळेतल्या शीतल बाईंनी मोबाईलवर पाहून विहारात वाचून दाखविले की, लंकेत पाऊसकाळ खरोखर दोन. एक उन्हाळ्यानंतर पश्चिमेकडून, दुसरा हिवाळ्यात ईशान्येकडून. एका अंगाला धो धो कोसळतो तेव्हा दुसऱ्या अंगाला ऊन. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. सर्वांत जास्त आश्चर्य मला वाटले.

४. परिणामी विहार समितीने लंकेची सहल ठरविली आणि कोणत्या महिन्यात जावे याचा अधिकार एकमताने मला दिला. एकही महिना शिल्लक ठेवायचा नाही, या निर्धाराने मी कामास लागलो. जानेवारीत तेथे धुके इतके दाट की माणूस आपले समजून दुसऱ्याचे तोंड धुतो. मार्चमध्ये हरभरा, गहू आणि पोरांच्या परीक्षा. एप्रिलमध्ये जयंती सोडून कोण येईल? शिवाय त्या उन्हात नारळातले पाणी झाडावरच उकळते, नुसती पत्ती टाकायची. मे महिन्यात वैशाख पौर्णिमेला तिकडे इतके कंदील लागतात की कोंबड्यांना सकाळ कळत नाही. जूनमध्ये पेरणी, पुढे खुरपणी आणि वर्षावासाचे ग्रंथवाचन, ज्याचा वाचक मीच. ऑक्टोबरात सोयाबीन, नागपूर, आणि तिकडे दोन्ही पाऊस एकमेकांना कार्यभार सोपवीत असल्याने भिजविण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. नोव्हेंबरात तुरीची राखण, डिसेंबरात सहा तारीख. सभा संपत आली. मी पाणी मागितले. तेवढ्यात अध्यक्ष हरिचंद म्हणाले, "आबा, फेब्रुवारीला काय धाड भरली?" महिना लहान असल्यामुळे माझ्या नजरेतून सुटला होता. शीतल बाईंनी पुन्हा मोबाईल पाहिला. फेब्रुवारीच सर्वांत उत्तम निघाला. मला खांद्यावर घेण्यात आले.

५. आता मुख्य तकलीफ. माझी पत्नी कमलबाई हिला अनुराधापूरचा बोधिवृक्ष एकदा पाहायचा आहे. जन्मभरात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. तिचा पासपोर्ट आलेला आहे. लुगड्याच्या घडीत ठेवते, रोज काढून पाहते, पुन्हा ठेवते. पण म्हणते, "मालक संगं असल्याबगर मी न्हाई जाणार. रस्ता त्यांनाच ठाव हाय. अन् ते हत्तीचं आंब्याचं झाड मला पाह्यचं हाय." असे म्हणताना ती माझ्याकडे बराबर रोखून पाहते. मी राहिलो तर ती राहील, हे मला कळते. गेलो तर पहिल्याच चौकात ती विचारील, आता कोणीकडे वळायचं? फलाटावर राहिलेल्या माणसाजवळ याचे उत्तर नाही. शेहेचाळीस वर्षे तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला; तो विश्वास परक्या मुलखात फुटू नये, एवढ्यासाठी ही खटपट आहे.

तरी कृपावंत होऊन,

(अ) माझा पासपोर्ट मार्चनंतर द्यावा. आपले कार्यालय फारच तत्पर आहे, हीच माझी तक्रार समजावी.

(आ) तसे जमत नसल्यास तो थोडा मळका, कोपरे दुमडलेला द्यावा. त्यात १९७९ चा एखादा पुसट शिक्का बसल्यास जन्मभर ऋणी राहीन.

(इ) उत्तर पोस्टाने धाडू नये. आमचे पोस्टमन वसराम पाकीट देण्याआधी आतला मजकूर सांगतात.

कळावे, आपला नम्र व अद्याप फलाटावरच असलेला,

मुंजाजी सटवाजी खंदारे
साखरा, दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत : १) आधार कार्डाची प्रत. २) बैलाचा फोटो (मागे उभा तो मी).

ता. क. : सही करून वाचून पाहत असता दाराबाहेरचा सुपात धान्य पाखडण्याचा आवाज थांबला व पत्नी जे बोलली ते, अर्ज खरा राहावा म्हणून, जसेच्या तसे नोंदवितो :

"सारं ऐकू येऊन राहिलं बरं का. कोनं ठेवला इस्वास? पयल्याच दिशी मामानं सांगावा धाडला व्हता मला. चटणी-भाकर औंढ्याहून रोज मीच धाडत व्हते, सकाळच्या येष्टीनं. लंकेला कवापासून येष्टी जाऊन राहिली वो? रस्ता इचारू आपण दोघं, तोंड हाय ना आपल्याला. तो मार्च खोडा आधी, अन् फेब्रुवारी लिवा."