गळणारं काचघर

अण्णा, बागेतल्या काचघरावरचे तुमचे पत्रे मी उतरवतेय. विचारत नाही, सांगतेय.

तुम्हाला ते घर कधी कळलंच नाही. जांभ्याचं जोतं, सागाचे वासे आणि वर काचा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या, मध्ये बोटभर फट ठेवून. ज्याने कोणी बांधलं त्याने थंड मुलखातली ती चीज आपल्या उकाड्यात बसवताना डोकं लढवलं होतं. ऊन आत यावं आणि वाफ फटींतून निघून जावी. पावसाळ्यात ते गळायचं, आतल्या नेच्यांना आणि आमरीच्या फुलझाडांना तेच हवं असायचं. पण गळकं छप्पर म्हणजे तुमच्या लेखी अब्रूचा प्रश्न. छपराच्या कामात तुमचं नाव होतं, बागेच्या समितीने तुम्हालाच बोलावलं आणि तुम्ही काचा काढून पत्रे घालायला निघालात. मी कॉलेजातून सुट्टीला आलेली. स्वयंपाकघरात तुम्ही आमटीभात कालवताय आणि मी समोर बसून फटींचं कारण सांगतेय. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "कोकणात काच बांगडीत नि कंदिलात. छपराचं मला शिकवू नको." आई फणसाची भाजी वाढत राहिली. मी ताटावरून उठले.

पुढच्या पावसात आत एक थेंब नाही. लोकांनी तुमची पाठ थोपटली. मग नेचे पिवळे पडले, आमरी वाळली, तर तुम्ही माळ्याला दोष दिलात. पुढे तिथे मोडकी बाकडी आणि रंगाचे डबे राहायला आले. तुम्ही गेलात तेव्हाही ते तसंच होतं, आणि त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. याचा मला अजून राग आहे.

आता दुरुस्ती माझ्याकडे आलीय. काल काका मुद्दाम बागेत आले आणि कामगारांदेखत म्हणाले, "बापसाचं काम मोडायला तूच गावलीस काय गो? लोक काय म्हणतील?"

"त्यांचं आहे म्हणून तर मीच मोडणार," म्हटलं. ते तोंड फिरवून निघून गेले.

आज शेवटचा पत्रा खाली आला आणि मी शिडीवर तशीच थांबले. जुन्या सागाला एकही खिळा नाही. पत्र्यांसाठी तुम्ही वर वेगळी चौकट उभी केली होती. काचांच्या खाचा जशाच्या तशा, वर तेलाचा हातसुद्धा दिलेला. खालून सुतार म्हणाला, "अण्णांनी लाकडाला धक्का लावला नाय. काचा परत बसाव्यात म्हणूनच ठेवलंनी हे."

म्हणजे ऐकलं होतंत तुम्ही. सगळं ऐकलं होतंत, आणि तुझं बरोबर आहे, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. तरी मी माफ करत नाही. झाडं मेली ती मेलीच. सोमवारपासून काचा चढतील, फटी ठेवून, आणि घर गळेल. गाव हसलं तर हसू दे.

हे पत्र कुठे टाकणार? टेबलावरच राहील. फक्त एक सांगते, शिडीवरून उतरताना मी तुमच्यावर जास्तच चिडले होते. मला तुम्ही पुरते चुकलेले हवे होतात.