पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाई

४ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. धरणाच्या कामावर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे, नाहीतर मी जेवलो की नाही हे दिवसातून चारदा विचारलं असतंस. दुकान ठीक चाललंय. शाळांचे गणवेश शिवायला आलेत, मशीनवरून पाय निघत नाही.

तुझी ठमी जरा मलूल आहे, शेपूटही हलवत नाही. काळजीचं काही नाही. खाण्यावरची वासना उडालीय, पाणी मात्र घटाघटा पिते. काकांच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. ते म्हणाले, पोटात वायू धरलाय, उन्हाचे दिवस आहेत, होईल बरी. सुई टोचली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे बुद्धिबळाला आले आणि नेहमीप्रमाणे मी हरलो.

उन्हात टोपी घालत जा.

तुझे बाबा

७ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुम्ही ‘काळजीचं काही नाही’ असं लिहिलंत की तिथेच माझी काळजी सुरू होते. आईच्या आजारातही तुम्ही हेच लिहीत होतात.

काकांनी ठमीचं पोट चाचपलं का? ताप बघितला का? ती माजावर कधी आली होती, हे विचारलं का? आमच्या साहेबीणबाईंनी आजवर तीन कुत्र्या पाळल्यात. त्यांना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, ऑपरेशन न केलेली कुत्री, खात नाही, पाणी सारखं पिते, म्हणजे गर्भाशयाचं दुखणं असू शकतं. दुसरा डॉक्टर गाठा, आणि लगेच.

दुसरा चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, तेही मी विचारून घेतलं. चकचकीत पाटीला आणि गोड बोलण्याला भुलू नका. आपण प्रश्न विचारला की कपाळाला आठी पडते का ते बघा. ऑपरेशनची वेळ आलीच तर भूल कोण देणार आणि नंतर तिच्यापाशी कोण थांबणार, ते स्पष्ट विचारा. आणि न लाजता विचारा, बाबा! भिडेखातर तुम्ही लोकांच्या विजारी फुकट सैल करून देता, ते मी हसून सोडते. काकांनी मला सायकल शिकवली, ते मला परके नाहीत. पण त्यांना वाईट वाटेल म्हणून ठमीला घरात ठेवू नका.

रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहितोय. ठमीला कालपासून उलट्या सुरू झाल्या. उशीत जास्तीचा कापूस कोंबावा तसं पोट टणक झालं. पुन्हा काकांकडे नेलं. त्यांनी लांबूनच बघितलं, दुसरी सुई दिली आणि म्हणाले, म्हातारपणी तू फार भित्रा झालास. मी हसलो आणि घरी आलो. घरी आल्यावर तिला दुकानाची एक पायरी चढवेना. मग मात्र मला हसू येईना.

कोट न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. रंगाच्या दुकानामागे दोन खोल्या आहेत. बाई हसल्यासुद्धा नाहीत. आल्या आल्या ठमीजवळ खाली जमिनीवरच बसल्या आणि विचारलं, ही माजावर कधी आली होती. मी ओशाळलो. तू सुट्टीला आलेलीस तेव्हा, असं म्हटलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त काढलं, पोटावर मशीन लावून पडद्यावर आतलं दाखवलं. म्हणाल्या, गर्भाशयात पू भरलाय, ते फुटलं तर हाती काही राहणार नाही. आजच काढायला हवं. भूल द्यायला त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं.

मी विचारलं, वाचेल ना? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, फार उशीर झालाय.

मला असा संताप आला म्हणून सांगू! काका निदान धीर तरी देतात. मी ठमीला उचललं आणि दारापर्यंत गेलो. बाईंनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, कुठेही न्या, पण आजच्या आज न्या. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता, गरम आणि घाईघाईचा. मी मागे फिरलो.

आता बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. दार बंद आहे. समोर टपालपेटी आहे, माणूस पत्रं काढायला आलाच. आत अजून चालू आहे.

बाबा

१० मार्च

ती. बाबांस सा. न.

पत्र असं अर्ध्यात कुणी टाकतं का? कामात लक्ष लागेना, तेव्हा साहेबीणबाईंनी माझ्या हातून मोजमापाची दुर्बीण काढून घेतली. तुम्ही मागे फिरलात, एवढंच पुन्हा पुन्हा वाचतेय. बातमी कशीही असो, कळवा. गोड करून लिहू नका. मी निघून येऊ का?

चिमणी

१८ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

ठमी वाचली ही तार मिळाली असेलच. शुद्धीवर यायला तिने फार वेळ लावला. बाई तिच्या शेजारी चटईवर बसून होत्या, आणि मी काही बोलायला गेलो की गप्प करत होत्या. आता ती कापडाच्या ढिगावर पसरलेली असते. कुणी उठवायला गेलं तर गुरगुरते. म्हणजे बरी आहे.

काकांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मला एका शब्दाने विचारायचंस. मी म्हटलं, दोनदा तुझ्याच दारात आलो होतो. जन्मात पहिल्यांदा त्यांना असं बोललो. ते तोंड फिरवून औषधाच्या बाटल्या लावत बसले. त्यानंतर ते आले नाहीत. संध्याकाळी पट मांडायचो आणि तसाच आवरायचो. ठमीकडे बघून बरं वाटायचं, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून वाईट वाटायचं. दोन्ही खरं.

काल बेकरीवाल्या बाई दुकानात आल्या. कडेवर त्यांची कुत्री, मान टाकलेली. पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात, म्हणून विचारू लागल्या. मी विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं? तर म्हणाल्या, तुमच्या मित्राने. त्यांनी बराच वेळ पोट तपासलं, मग म्हणाले, हे माझ्या हातातलं नाही, त्या बाईंकडेच न्या. आणि पत्ता सापडला नाही तर शिंप्याकडे जा, तो माझा माणूस आहे, तुमच्याबरोबर येईल.

चिमणे, मी मशीनवरचं कापडसुद्धा काढलं नाही. तसंच कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

सुखी राहा, आणि ठमीवर आहे तेवढीच माया या म्हाताऱ्यावरही ठेव.

तुझे बाबा