वाया गेलेले दोन डोस

३ एप्रिल

चि. टिल्लूस,

अ. उ. आ. वि. वि. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि इकडे आई कान टवकारून बसते, म्हणून हे पत्र. निदान कागद तरी मध्येच कापता येत नाही.

बाबा नातवाला बघायला म्हणून तीन महिन्यांसाठी तुझ्याकडे गेले, त्याला सव्वा वर्ष झालं. आता त्यांचं हृदय थकलंय, डॉक्टरने दोन महिन्यांची भाषा केलीय, हे मला कळतं. आईला त्यांच्याजवळ जाऊन बसायचंय, तेही कळतं. तुमच्या देशात पाऊल टाकायला दोन डोसांचं प्रमाणपत्र लागतं, हे तर पाठच झालंय. पण लसीकरण केंद्राची मुख्य नर्स असून आईचं साधं प्रमाणपत्र काढता येत नाही का, असं तू मला स्पीकर लावून, तुझ्या सासरच्यांसमोर विचारावंस? शोभतं तुला?

लस म्हणजे काय नळाचं पाणी आहे? तुमचा देश खोकी पाठवतो ती मुदत संपायला पंधरा दिवस उरले की. आधी आपण पोटभर जेवायचं, मग उरलंसुरलं शेजाऱ्याला द्यायचं आणि वर दानधर्म केला म्हणून गावभर सांगत सुटायचं! पुढची खेप आली की आईला रीतसर देईन. तोवर तोंड आवर.

बाबांना नमस्कार. लोभ असावा, शिल्लक असेल तर.

ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. साष्टांग फक्त कागदावर.

तुझी ती पुढची खेप येणार नाही. लस कंपनीच्या गोदामातली पाठवणी मी बघतो, मला नाही कळणार तर कुणाला? वरून हुकूम आलाय, एकही खोकं देशाबाहेर जायचं नाही. पण तो मुद्दाच नाही. परवा तू कामावर असताना आईला फोन केला. ती सहज बोलून गेली की फेब्रुवारीत एक आणि मार्चमध्ये एक, दोन्ही सुया तूच टोचल्यास. मग मला महिनाभर कसली टोपी घालतेस? दोन्ही डोस झालेत, तर प्रमाणपत्र कुठे आहे?

शाळेत मॉनिटर असताना सख्ख्या भावाचं नाव फळ्यावर लिहिणारी तू. खोटंसुद्धा नियमात बसवूनच बोलत असशील.

बाबांना आता आडवं होता येत नाही. पाठीला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतात. डोळे उघडले की पहिला प्रश्न, तिचा कागद झाला का? मी काय सांगू त्यांना?

उत्तर दे. लोभाचं नंतर बघू.

टिल्लू

२४ एप्रिल

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. आधी ऐक, मग हवं तेवढं हस.

एका कुपीत दहा डोस असतात. एकदा उघडली की संध्याकाळपर्यंत संपवायची, नाहीतर फेकायची. त्या दिवशी एक डोस उरला, रांगेत चिटपाखरू नव्हतं आणि आई माझा डबा घेऊन आली होती. दिला तिला. पण नोंदवहीत तिचं नाव लिहायला हात धजेना. तेव्हा फक्त दवाखान्यातल्या लोकांची पाळी होती, आणि मेव्हण्याला रांगेत घुसवलं म्हणून मी आमच्या स्टोअरकीपरला त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर झापलं होतं. उद्या तोच म्हणाला असता, बघा, बाई स्वतःच्या घरचं कसं बघतात! म्हणून मी लिहिलं, वाया, एक. मार्चमध्ये पुन्हा तेच. सरकारदरबारी आपली आई म्हणजे वाया गेलेले दोन डोस आहेत.

आता प्रमाणपत्र काढायचं तर नोंद खोटी होती असं मला लिहून द्यावं लागेल. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही रे मी. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. आठ दिवस दे मला.

ताई

४ मे

ताई,

मायना घालायची इच्छा नाही.

आठ दिवस बाबांकडेच माग. त्यांच्याजवळ किती उरलेत ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. लोक काय म्हणतील म्हणून जन्मदात्या आईला कचऱ्यात जमा केलंस, आणि अजून तुला तुझ्या इभ्रतीचंच पडलंय! पत्र मिळाल्या मिळाल्या ऑफिसात जा आणि कबूल कर. आई वेळेत पोचली नाही, तर मला बहीण नाही असं समजेन.

टिल्लू

१९ मे

चि. टिल्लूस,

झालं तुझ्या मनासारखं. दहा तारखेला साहेबांपुढे लेखी कबुली दिली. संध्याकाळी निलंबनाचा कागद हातात पडला. केंद्राच्या किल्ल्या कुणी घेतल्या असतील माझ्याकडून? स्टोअरकीपरने. बसा म्हणाला, घाई नाही म्हणाला. मेल्याने हसू लपवलंसुद्धा नाही.

प्रमाणपत्र मिळालं. काल आईला घेऊन विमानतळावर गेले. काउंटरवरच्या मुलीने प्रमाणपत्र बघितलं, यादी बघितली, पुन्हा प्रमाणपत्र बघितलं आणि म्हणाली की ही लस तिकडे चालत नाही. अरे, तुमच्याच कंपनीची लस! मी वाद घातला, पाया पडायची बाकी राहिले. तिने नीट समजावून सांगितलं. तुम्ही तिकडचे लोक स्वतः टोचून घेता तिचं नाव वेगळं, बाहेर वाटायच्या खोक्यांवर नाव वेगळं. औषध एकच, लेबलं दोन, आणि यादीत फक्त पहिलं. ती लेबलं चिकटवून घ्यायचा पगार कोण घेतो? तू! मला सुळावर चढवण्याआधी एकदा यादी उघडून बघायला हात मोडले होते का तुझे?

आईने घरी येऊन बॅग कॉटखाली सरकवली, आतलं काही बाहेर काढलं नाही. माझी नोकरी गेली, तिचं जाणं राहिलं. तुझा लोभ तुझ्याजवळच ठेव आणि लोणचं घाल त्याचं.

ताई

२७ मे

चि. ताई आणि चि. टिल्लू,

दोघांना आशीर्वाद आणि दोघांना एकेक चपराक. पत्र एक, प्रती दोन. टिल्लूची प्रत फ्रीजवर चिकटवतोय, कारण ताईचं पत्र आल्यापासून तो माझ्या नजरेला नजर देत नाही. काल जिन्यात बसून रडत होता. हे तो तुला मेला तरी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

पस्तीस वर्षं पोस्टात लोकांची पत्रं न उघडता वाटली. ताईची मात्र इथे टेबलावर पडलेली सगळी वाचली, आणि टिल्लूने काय दिवे लावले असतील ते त्यावरून कळलं. आईला इकडे आणायचा एवढा घाट घातलात, पण मला विचारावं असं एकालाही सुचलं नाही. मी काय फर्निचर आहे?

माझे दोन्ही डोस इथल्या लेबलचे. तिकडची यादी मी भिंग घेऊन दोनदा वाचली. तिकडे सगळी लेबलं चालतात. गरिबाच्या दाराला कसली कडी! डॉक्टर म्हणतो, विमानप्रवास झेपणार नाही. मी म्हटलं, इथे खुर्चीत बसणं तरी कुठे झेपतंय? काही झालं तर जबाबदारी माझी, अशी सही करून दिलीय. चाकांची खुर्ची आणि ऑक्सिजन ठरलाय, तिकीट सूनबाईने काढलंय. टिल्लू, हे वाचून आरडाओरडा करून झाला की माझी बॅग भर.

ताई, दोन तारखेला दुपारी चारला आईला घेऊन विमानतळावर ये. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, एकमेकांवर थोडा करून बघा.

बाबा

ता. क. आईपासून काही लपवू नकोस, डॉक्टर काय म्हणाला तेही सांग. ती येऊ नका म्हणेल. म्हणून पोस्टातल्या माणसाच्या अंदाजाने हे पत्र अशा बेताने टाकतोय, की तुला मिळेल तेव्हा मी निघालेलो असेन.