हंडा भरेपर्यंत

१६ मार्च, रविवार

डोकं उठलंय! सकाळपासून मनालीचा ढणढणाट. रॉक म्हणे.

एक लिस्ट काढलीय पोरीनं. साठ सालापासून आजपर्यंत, दर दहा वर्षांची तीन-तीन गाणी, तिला सगळ्यात आवडलेली. स्वतःचं वय एकवीस. साठ साली हिची आजी परकर नेसून फिरत होती!

एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या कानात खुपसला. "मम्मी, हे ऐंशीचं. आता ड्रम कसा घुसतो बघ!" घुसला. मग? पोळ्या कोण लाटणार?

चेंबूरच्या बंगल्यातला पोरगा असलाच गोंगाट लावायचा. वरच्या खोलीत, दार बंद करून. मी खाली मोरीत भांडी घासत. चौथीतून शाळा सोडवून आईनं तिथं लावलेलं. सात वर्षं घासली. गाणं-बिणं कोण ऐकतंय! राखेनं बोटं फुटलेली.

ही डायरी इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या आमच्या शेठनं दिली, पॅकिंगच्या सगळ्या बायकांना. बाकीच्यांनी पोरांना चित्रं काढायला दिली. मी लिहिते. घरात बोलायला आहे कोण? एक भिंतीवर फोटोत, एक कानात वायरी घालून.

१७ मार्च

आता तिला बेंजो पाहिजे. पप्पाचा. वीस एप्रिलला अंधेरीत तिच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे — ती आणि अजून तिघं. "रॉकमध्ये बेंजो कोण वाजवतं मम्मी? लोक येडे होतील!"

नाही म्हटलं. कुंडलिक गेल्याला आठ वर्षं झाली. तो बेंजो मी पोटमाळ्यावरून कोणाला काढू दिला नाही. खंडूलापण नाही. खंडू म्हणजे त्याच्याच बेंजो पार्टीतला ढोलवाला, वीस वर्षं त्याच्या बाजूला उभा राहून वाजवलेला. दर जयंतीच्या आधी देवनारवरून फोन करतो — "वहिनी, मिरवणुकीला बेंजो दे गं." नाही म्हणजे नाही!

१९ मार्च

काढला खाली. पुसला. दोन बटणं पिवळी पडलीत. एकावर त्याच्या बोटाचा डाग तसाच.

मनालीला म्हटलं, घे. तारा नवीन टाक. पाडलास तर हात तोडीन.

२१ मार्च

रात्र झालीय. तरी लिहिते.

संध्याकाळी कामावरून आले. मनाली बेंजो पुसत बसलेली, मोबाईलवर लिस्ट चालू. म्हणाली, "हे सत्तरचं. माझं एक नंबरचं." मी चपला काढत होते. आणि वाजलं!

आमचं गाणं. कुंडलिकचं.

एक चप्पल पायात, तशीच उभी राहिले. तीच धून. वर चढते, थांबते, मग खाली घसरते. गिटारवर होती एवढंच.

ही धून त्यानं माझ्यासाठी बसवलेली. चौऱ्याण्णव साल. देवनारच्या आमच्या गल्लीत जयंतीची मिरवणूक आली, आमच्या दारासमोर थांबली. बेंजोच्या गाडीवर हा उभा, निळा फेटा, घामानं ओला. माझ्याकडे बघून वाजवलं. मी आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं, तरी ओळखीचं वाटलं. प्रेमात तसंच वाटत असेल म्हटलं. मोहल्ला नाचायला लागला, आणि एका जागी धून टपकन तुटायची, पुन्हा पहिल्यापासून! नाचणारे एकमेकांवर आपटायचे. हसून हसून पोट दुखलेलं माझं. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर म्हणाला, "तुझ्यासाठी बसवलंय. जगात दुसरीकडे कुठं ऐकायला मिळणार नाही."

पुढच्या वर्षी लग्न केलं. ह्या धुनेवर केलं, दुसरं काय होतं त्याच्याकडे? ना खोली, ना पक्की नोकरी. आई बोंबलत होती, "बेंजोवाला काय खायला घालणार?" मी म्हटलं, माझ्यासाठी गाणं करणारा दुसरा आण मग!

आणि ते गाणं त्र्याहत्तर सालचं निघालं. मनालीनं मोबाईलमध्ये दाखवलं. कुठल्या गोऱ्या पोरांचं. तेव्हा कुंडलिक तीन वर्षांचा, शेंबडा.

मनाली उड्या मारतेय! "पप्पा रॉक ऐकायचे? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

मी जेवले नाही.

२२ मार्च

फोटोचा हार बदलला नाही. सुकू दे.

बावीस वर्षं संसार. दारू नाही, हात उचलला नाही, बाई नाही. खोटं एकच बोलला, आणि तेच मी उशाशी घेऊन झोपले. दिवस वाईट आले की मी मनात म्हणायचे — असू दे, माझ्या नावाचं गाणं आहे जगात. पॅकिंगच्या किती बायकांना सांगितलं असेल! फुशारकी मारली नुसती.

खंडूला फोन लावला. म्हटलं, बेंजो पाहिजे होता ना? ये आणि घेऊन जा. कायमचा.

२३ मार्च

खंडू टेम्पो घेऊन आला. दोनदा विचारलं, "वहिनी, नक्की ना?" म्हटलं, उचल लवकर, मला कामं आहेत.

मनाली क्लासवरून आली. रिकामी जागा बघितली. "विकलास?"

"फुकट दिला."

"मम्मी, माझ्या पप्पाचा होता तो. तुझ्या एकटीचा नव्हता."

दार आपटलं. आपट. मला कोणी आपटू दिलं नाही कधी.

२४ मार्च

बोलत नाही. डबा पण नेला नाही.

२९ मार्च

मनाली आंघोळीला गेली तेव्हा तिचा मोबाईल घेतला. इंग्रजी येत नाही, पण लिस्टमध्ये वरून पाचवं, हे बघून ठेवलं होतं. लावलं.

चोर तर चोर, पण वाजवायचा छान. ऐकताना तोच दिसत होता. मान डावीकडे, जीभ दातात धरलेली. पावडरचा वास. मिरवणूक संपली की बोटं सुजायची, मी मिठाच्या पाण्यात धरायचे. तेव्हापण त्याची बोटं माझ्या हातात वाजवतच असायची. आमचे ते दिवस भारी होते. खोटं कशाला बोलू.

एक विचित्र झालं. तो जिथं तोडायचा ना, तिथं हे गाणं तुटलं नाही. पुढं गेलं. आणि पुढचा तुकडा यायच्या आधीच माझ्या तोंडातून आला! कुंडलिकनं तो कधी वाजवला नाही. मग मला कुठून माहीत? आठवडाभर घरात तेच वाजतंय, म्हणून डोक्यात बसलं असेल.

मनाली मोरीच्या दारात उभी. केसांतून पाणी गळतंय. आवाज वाढवून गेली.

५ एप्रिल

खंडूचा फोन. "वहिनी, जयंतीला पोरं तुझं गाणं वाजवायचं म्हणतात. कुंडलिकनं कधी वाजवू दिलं नाही, फक्त तुझ्या दारासमोर. म्हणून विचारतो."

म्हटलं, वाजव नाहीतर खड्ड्यात घाल. चोरीचं आहे ते!

खंडू हसला. हसला! म्हणाला, "चोरीचंच आहे. मला काय सांगतेस? मीच तर —"

फोन कापला. म्हणजे ह्यालापण माहीत होतं! सगळ्या पार्टीला माहीत, वेडी एकटी मी.

पाच वेळा आला परत फोन. उचलला नाही.

१० एप्रिल

मनालीनं समोर ताट आणून ठेवलं. स्वतः केलेली आमटी, खारट.

"मम्मी, एक विचारू? पप्पाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. घरी टेप नव्हता. देवनारच्या गल्लीत त्र्याहत्तरचं रॉक त्याला ऐकवलं कोणी?"

मला काय माहीत!

"मग खंडूकाकांना विचारूया ना. तू कोणाला वाक्य पुरं करू देत नाहीस."

खारट आमटी दोनदा घेतली. रविवारी जाऊ म्हटलं.

१३ एप्रिल, रविवार

देवनारला जाऊन आलो. गल्लीत निळ्या पताका लागल्यात. लग्नाआधी मी पाणी भरायचे त्या नळाच्या जागी आता टॉवरची भिंत आहे.

खंडू म्हणाला, "कसलं इंग्रजी वहिनी? कुंडलिकनं तुझं चोरलं. बंगल्यावरून आलीस की नळावर हंडा लावून तू तेच गुणगुणायचीस, रोज. तुला तुझं भान नसायचं. तो मला रिकामी कळशी देऊन तुझ्यामागं लाईनीत उभा करायचा. ऐकून ये, मला म्हणून दाखव! आमच्या घरी नळ होता, तरी मी सहा महिने पाणी भरलं. त्याला वाटायचं गाणं तूच रचलंयस. मरेपर्यंत वाटायचं."

मनालीनं विचारलं, मग एका जागी तुटायचं का?

"तिथं हिचा हंडा भरायचा. गाणं तोडून चालायला लागायची. पुढचं आम्हाला कधी मिळालंच नाही."

उद्या मिरवणूक झाली की बेंजो मनालीला आणून देतो म्हणाला.

येताना हार घेतला. घातला.

पुढचं मला येत होतं, बंगल्यात भांडी घासताना वरच्या खोलीतून कानात पडलेलं. बावीस वर्षं एका खोलीत झोपलो. विचारायचं ना रे!