छपरीतली पांढरी भिंत

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात, म्हणून आजवर लिहिलं नाही. पण कालपासून गप्प बसवत नाही.

आई आता भद्रावतीत बायकांचा योगवर्ग घेते, समाजमंदिरात. काल त्या बायका म्हणाल्या, "बाई, या भिंतीवर एखादं चित्र काढून द्या ना." आईनं भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "नको वो. कोनी पुसून टाकलं तं?"

वीस वर्षं झाली बाबा. अजून तिच्या मनातून गेलं नाही!

तुम्ही माजरीच्या खाणीतून घरी यायचे ते चिडूनच. आई पहाटे घोंगडीवर डोळे मिटून बसायची. तुम्ही हसायचे, "साधूबाई झाली हे!" आसनं झाली की ती गेरू आणि चुना घेऊन घरापुढच्या छपरीतल्या भिंतीवर थोडं थोडं रंगवायची. तिच्या माहेरचं, गडचिरोलीकडचं जंगल. मोहफुलं वेचणाऱ्या बाया. एकीच्या पाठीवर बांधलेलं लेकरू. "हे तू हायस," ती मला म्हणायची. दोन महिने चाललं ते. चुलीवर दूध उतू जायचं, तिला पत्ता नसायचा. इतक्या सुखात मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग मला पाहायला पाहुणे येणार होते. तुम्ही चुन्याची बादली घेऊन उभे.

"जंगली लोकायचं घर वाटते हे. पोरीच्या सोयरिकीचा सवाल हाय."

पहिला हात नेमका त्या लेकरावरून फिरला. आई दारात उभी होती, मीही. मी तुमचा हात का नाही धरला? आणि ती सोयरीक तर जमलीच नाही!

रिटायर झाले तसा तुम्हाला दम लागायला लागला. डॉक्टरांनी श्वासाचे व्यायाम सांगितले. शिकवले कोणी? तिनंच. तुमच्या पोटावर हात ठेवून म्हणायची, "घाई नका करू. हळूहळू सोडा." तुम्ही खरंच शांत झाले. रोज सकाळी त्याच पांढऱ्या भिंतीसमोर बसायचे. मित्रांना सांगायचे, "मले योगानं वाचवलं." योगानं! तिचं नाव एकदाही तोंडात आलं नाही?

मी एकदा म्हटलं, "बाबा, आईले चुकलं म्हना ना." डोळेही न उघडता तुम्ही म्हणाले, "जुनं काऊन काढून राह्यली? मन शांत ठेव."

छान होती तुमची शांती. तिच्या जिवावरची.

काल घरी आल्यावर मी आईला विचारलं, "बाबावर राग हाय का वो?"

"राग नाई वो. पण ते गेले अन् मले वाटलं, आता भिंत माही हाय. गेरू कालवला. हातच चालला नाई."

तिला मी चित्र काढ म्हणणार नाही. या घरात बळजबरी पुष्कळ झाली. पण काका म्हणतात, तुमचा मोठा फोटो करून त्या भिंतीवर लावू. बाबा, तुम्हाला वचन देते, तो तिथं लागणार नाही. मी आहे तोवर त्या भिंतीत कोणाला खिळासुद्धा ठोकू देणार नाही.

तुमचीच, तेव्हा गप्प राहिलेली,
सुनंदा