दहा मिनिटं उठायचं नाही

४ मे २०१९, शनिवार

सोनिया मॅडम म्हणे समुपदेशक! पंचविशीतली पोर, स्वतःला मूल नाही आणि मला आईपण शिकवणार. मोबाईल स्टँडला लावून मनूशी खेळायचं, दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून तिला पाठवायचा. मग ती त्यातलेच तुकडे मला बोलावून दाखवणार. नियम दोन — दहा मिनिटं उठायचं नाही, आणि रेकॉर्डिंग मधेच बंद करायचं नाही.

हिमांशूनं मला न विचारता वेळ घेतली. "शाळा उघडेपर्यंत बघू. नाही जमलं तर मनूला परत वैजापूरला, आईकडे." तोंड नवऱ्याचं, शब्द सासूबाईंचे. माझ्या नोकरीपायी त्यांनी दीड वर्ष तिला सांभाळलं. उपकार आहेत, मान्य. पण पोरगी माझी आहे. येऊन महिना झाला, मला अजून "आई" म्हणून हाक मारत नाही. तहान लागली तरी समोर येऊन नुसती उभी राहते.

७ मे

सहा दिवसांनी नळ आला आणि लगेच गेला. गच्चीवर पाइप धरून उभी होते, टाकी निम्मीही भरली नाही. खाली येऊन बघते तर फाटकाजवळचा कॉक बंद! बाकी सगळ्या गल्लीत धार सुरू. मागच्या खेपेलाही हेच झालं. हे शेजारच्या भामाबाईचंच काम. लाइन एकच, माझा कॉक फिरवला की तिच्या हौदाला जोर येतो. फाटकातून आत हात घातला की झालं.

८ मे

भामाबाईला तोंडावर विचारलं.

"मी कशाला फिरवू गं तुझा कॉक? लई शिकलेली म्हणं तू. माणूस वळखता येत नाय व्हय?"

वर मनूच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. मी तो काढून परत दिला. मनू रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिली.

११ मे, शनिवार

पहिला तुकडा बघितला. मनूला डब्याचं झाकण लागत नाहीये आणि मी गप्प बसलेय. बस, एवढंच.

"इथं तुम्ही थांबलात बघा. तिला तिचा वेळ दिलात."

कसलं थांबले! टँकरवाल्याचा फोन यायचा होता, माझं लक्षच नव्हतं. पण बोलले नाही. उलट विचारलं, "चुका दाखवा ना. त्या का लपवता?"

"चुका तुम्हाला पाठ आहेत. तुम्हाला माहीत नाही ते मी दाखवते."

हे वाक्य ती प्रत्येकीला ऐकवत असणार. नापास मुलाला पेढा देऊन घरी पाठवायचं, तशातली गत.

१३ मे

नळ. पुन्हा कॉक बंद. भामाबाई दारात तांदूळ निवडत बसलेली, साळसूद! आजपासून तिच्याशी बोलणं बंद. मनूलाही तिकडे जाऊ देणार नाही.

१६ मे

समोरच्या नव्या इमारतीचा आणखी एक स्लॅब टाकला. त्यावर दिवसभर पाणी मारतात. धरण कोरडं, माणसांना सहा दिवसांनी पाणी आणि सिमेंटला रोज! संताप येतो.

सासूबाईंचा फोन. मनू त्यांच्याशी भरभरून बोलली. किती बोलते ती! मला फोन दिला तेव्हा म्हणाल्या, "तिची खोली आवरून ठेवलीय हो." मी फोन ठेवून दिला.

१९ मे, रविवार

हिमांशू कामावर, वाळूजला. मोबाईल लावला, दार उघडं ठेवलं उजेडासाठी. भातुकली. मनूनं पहिल्यांदा मला बशीत खोटा चहा ओतून दिला. तेवढ्यात नळ आला.

उठले. उठणारच! मोटार लावून गच्चीवर पोचते तोच धार तुटली. धावत खाली — कॉक बंद. मग मात्र भामाबाईच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोलले. गल्ली गोळा झाली.

"माझी मोटार जळलीया परवापासून. टँकरवर हाय मी, बाई," म्हणाली. खोटारडी!

व्हिडिओ न बघताच पाठवून दिला. नियम मोडलाय, काय म्हणायचं ते म्हण म्हणावं.

२४ मे, शुक्रवार

बोलणी खायच्या तयारीनं गेले होते. सोनिया मॅडम एवढंच म्हणाली, "आज तुम्ही उठल्यानंतरचं बघू."

चटईवर मनू एकटी. हातात कप. वर बघते, जिन्याकडे बघते. मग उठून उघड्या दारातून फाटकापाशी जाते. उकिडवी बसते आणि दोन्ही हातांनी कॉक फिरवते. दात आवळून, पूर्ण बंद होईपर्यंत. परत येते. माझी बशी सरळ करते. चटईवरची माझी जागा हातानं झाडते. आणि स्वतःशीच म्हणते, "गेलं पाणी. आता आई येईल."

आई म्हणाली.

मग मी येते. झाडलेल्या जागेवरून तिला ओलांडून, ओरडत, फाटकाबाहेर जाते.

मी म्हटलं, पुन्हा लावा. तिनं लावला.

सगळ्या गल्लीसमोर मी भामाबाईला चोर ठरवलं. उद्या सकाळी तिच्या दारात जायचं आहे. लाज वाटते.

२५ मे

नळ आला. मनूनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी बशी पुढे केली. चहा प्यायले, मग आणखी एक. शेवटी तीच म्हणाली, "आई, टाकी?"