बाभळीच्या बुडाशी

३ डिसेंबर
पाचवीलाच भांडण! सासूबाई मधाचं बोट घेऊन आल्या, मी पोरीचं तोंड पदराखाली झाकलं. सिस्टरनी बजावलंय — सहा महिने फक्त अंगावरचं. वरचं मिसळलं तर आजार पोरीला लागायची भीती जास्त. गोळ्या चुकवायच्या नाहीत.
माझ्या एचआयव्हीचं नवरा हरिओम सोडून कुणाला माहीत नाही. म्हणून सासूबाईंना वेगळंच सांगितलं, "आईच्या दुधात सगळं असतंय. त्याच्यापुढं मधबिध काय न्हाई." त्या फणकारल्या, "लई शिकलेली!" — पण बोट पुसलं. जिंकले!

११ डिसेंबर
शेपू, हळिवाची खीर — सासूबाईंनी दूध असं वाढवलंय की चोळी भिजते. पोरगी दोन घोटांत झोपते, छाती ठणकते. वाटीत पिळून पाचटाच्या कोपीबाहेर फेकायला निघाले तर सासूबाई ओरडल्या, "दूध पायदळी घालत्यात का? आटंल! आण इकडं, बाभळीच्या बुडाला वतते." दिलं. आता रोज त्याच नेतात. बरंच झालं.

१९ डिसेंबर
जिंतूर सोडून माजलगावला ऊस तोडायला आलो, तेव्हापासून जाऊ वनमालाचे हाल आहेत. पहाटे फडात जाते. दूध आटलं. शेळीचं दूध तिच्या तान्ह्या सिदूला पचत नाही, हगवणीनं पोर पार सुकलं. रडत म्हणाली, "आक्का, ह्याला जवळ घ्या की." मी अंगात ताप आहे म्हणाले. कशी बघितली माझ्याकडे! मला काय दगडाचं काळीज आहे का? पण कसं घेऊ?

२६ डिसेंबर
गोळ्या संपल्या. हरिओम म्हणतो, "दवाखान्यात जायला मुकादम सोडंना."

४ जानेवारी
अजून नाहीत! काल त्याच्यावर ओरडले. गोळ्यांशिवायच पाजतेय, दुधातून आजार गेला तर? थांबावं तर सासूबाई मध घेऊन टपलेल्याच.

९ जानेवारी
आल्या गोळ्या! एकदाच्या!
सिदूही सावरलाय, गाल वर आलेत. सासूबाई म्हणतात, सटवाईची कृपा. शेळीचं मानवलं असेल.
सरपणाला बाभळीकडे गेले होते. रोज दूध ओततात म्हणे, पण बुडाशी माती कोरडी ठणठणीत. ऊन फार आहे सध्या.

१० जानेवारी
वनमाला पाया पडली. "आक्का, तुमच्याबद्दल लई वंगाळ बोलले मी. रोज वाटी देत हुता आन सांगितलं बी न्हाई. तुमच्याच दुधावर जगलं माझं लेकरू!"
सासूबाई हसल्या. "तूच म्हणलीस की, आईच्या दुधात सगळं असतंय."
आणि रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवली.